रिचर्डने बाटली हलवली

बिअरचं आणि माझं कधी जमलं नाही. काजूच्या फेणीच्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईने बिअरचं कौतुक करायचं म्हणजे फारच झालं. पण माझा मुलगा ॲल्स्टन गोव्यात जाऊन बिअर बनवायला शिकला, आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून मी घरात पाऊल टाकते तोच त्याने बर्फाच्या पेटीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. पिल्सनर जातीची बिअर म्हणे. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं त्यात सढळ हाताने घातलेली. बाकीच्या बाटल्या मित्रांनी वाटेतच संपवल्या होत्या.

या थाटामागचं कारण मला ठाऊक होतं. इन्सुलीच्या आमच्या घरामागे त्याच्या पप्पांची, जॉनची भट्टी आहे. घरच्यापुरती फेणी जॉन तिथेच काढायचा. ॲल्स्टनला बिअरच्या परवान्यासाठी तीच जागा दाखवायची होती, आणि जॉन गेल्यापासून मी तिला कुलूप घालून बसले होते. विषय निघाला की मला नेमकी घासायची भांडी आठवायची.

म्हणून आज त्याने पंच बोलावला होता, जॉनचा धाकटा भाऊ रिचर्ड.

"अंकलांक आवडली तर भट्टी देतलंस?" ॲल्स्टनने विचारलं.

"आधी चाखूया तरी," मी म्हटलं.

रिचर्डने बाटली उचलली, उजेडाकडे धरली आणि दोन्ही हातांनी दणादण हलवली.

आमच्याकडे असंच करतात. फेणी हलवली की वर मणी येतात. मणी टिकले तर माल कडक, लगेच फुटले तर पाणचट. मणी बघितल्याशिवाय रिचर्डने जन्मात घोट घेतलेला नाही.

"अंकल, नको!" ॲल्स्टन ओरडला.

"मणी बघतंय रे," म्हणत रिचर्डने झाकण उडवलं.

फेस त्याच्या मिशीवर, मिस्साच्या पांढऱ्या शर्टावर, माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर. रिचर्ड निथळत उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "कडक आसा, वयनी."

मी पोट धरून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी थांबेना, कारण मला जॉन दिसला. भट्टीच्या दारात बाटली उन्हाकडे धरून तो हाक मारायचा, "आंजू, मणी बघ गो!" मला त्या मण्यांतलं ओ की ठो कळत नसे. तरी हातातलं काम टाकून मी जायचे, कारण बघताना तो खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. त्या खांद्यासाठी अजून जीव तुटतो.

बाटलीत अर्धा ग्लास उरली होती. ॲल्स्टनने ती माझ्यापुढे सरकवली. बिचाऱ्याचा चेहरा पडला होता. मी घोट घेतला. आधी ताज्या पावाची गोडी, मग लिंबाची साल नखाने खरडावी तसा हिरवा वास, आणि शेवटी घशाशी चक्क किराइताचा काढा. पण तोंड स्वच्छ करून जाणारा कडूपणा. मी दुसरा घोटही घेतला.

"बरी आसा," मी म्हटलं.

त्याने लगेच भट्टी मागितली नाही. टेबल पुसत हळूच म्हणाला, "माका ठावक आसा, मम्मी. भट्टी धुतली तर पप्पाचो वास जायत, म्हणान तू देणस नाय."

म्हणजे पोराला सगळं कळत होतं. संध्याकाळी कुलूप काढून मी आत उभी राहायचे. फेणी, धूर आणि जॉनच्या विड्या, सगळं एकत्र नाकात भरून घ्यायचे. हल्ली कितीही वेळ उभी राहिले तरी घुशींचा आणि ओल्या मातीचाच वास येत होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"वास कधीच गेलो, पुता," मी म्हटलं. "मी थंय नुसती धूळ राखतंय. उद्या सकाळी उघड. धुवूक मी पण येतंय."