आशेची लाट आणि कौस्तुभशेठचे केस

कट्टा गावच्या बाजारात संचिताचं शिवणकामाचं दुकान आहे. एका दुपारी दुकानासमोर पांढरी लांबलचक गाडी थांबली आणि कौस्तुभशेठ उतरले. देवबागच्या किनाऱ्यावर त्यांचं रिसॉर्ट. शिवाय ते एका प्रतिष्ठानाचे अध्यक्ष. प्रतिष्ठान म्हणजे ते स्वतः, त्यांची बायको आणि एक लेटरहेड.

"आरोही कुठेय?" त्यांनी विचारलं.

संचिताने समोर बोट दाखवलं. तिची नऊ वर्षांची लेक सायकलच्या पंपावरून शेजारच्या पोराशी तावातावाने भांडत होती. दोन आखूड वेण्या, त्यात अबोली.

शेठचा चेहरा पडला. "ही? मेंदूत गाठ होती ती हीच?"

"होती. काढली. पुढची औषधंही झाली. आता फक्त तपासणीला मुंबईला नेतो."

"वा, छान," शेठ म्हणाले, वाईट बातमी ऐकल्यासारखे.

मग त्यांनी बेत सांगितला. लहान मुलांच्या मेंदूच्या कर्करोगावर संशोधन व्हावं म्हणून किनाऱ्यावर भव्य कार्यक्रम, 'आशेची लाट'. मालिकेतली एक नटी येणार, मुंबईचे देणगीदार येणार, ड्रोन उडणार. स्टेजवर फक्त एक मूल हवं होतं.

"बघा ताई, लोकांचं काळीज हललं तर हात खिशात जातो. आणि हिच्याकडे बघून..." त्यांनी वेण्यांकडे पाहिलं. "कार्यक्रमापुरते केस काढले तर? केसांचं काय, ते परत येतात."

संचिताच्या हातातली कात्री थांबली. औषधं चालू असताना उशीवर गळलेले केस तिने रोज सकाळी आरोही उठायच्या आत वेचले होते. शेठला दुकानाबाहेर काढायला तिला एक वाक्य पुरलं असतं. पण हॉस्पिटलात आरोहीच्या शेजारच्या खाटेवर पिंगुळीचा अनिश होता. दिवसभर पत्ते खेळायचा आणि लबाडी करून जिंकायचा. त्याच्या गाठीवर द्यायला डॉक्टरांकडे काही उरलं नव्हतं. मुलांच्या या आजारावर शोध घ्यायला पैसे कमी पडतात, असं डॉक्टर तेव्हा खाली मान घालून म्हणाले होते. अनिश गेला.

"आम्ही येऊ," ती म्हणाली. "केसांसकट."

रात्री नवरा, किरण, भडकला. "त्येका सरळ नाय म्हणून सांगूक व्हया होता!"

"सांगतंय," संचिता म्हणाली. "जरा चार माणसांत सांगतंय."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी किनारा लग्नाच्या मांडवासारखा सजला होता. संशोधनाबद्दल कोणी काही बोललं नाही. नटी रडली. मेकअप बिघडेल म्हणून बेताने रडली. आजारी मुलांच्या नावाने कोळंबी तळली जात होती आणि पाहुणे हळहळत तिसऱ्यांदा ताट भरत होते. शेठ भाषणात त्याग, त्याग म्हणत होते आणि वारा सुटला की एका हाताने भांग सांभाळत होते. पन्नाशीतही त्यांचे केस काळेभोर, दाट. दर महिन्याला पणजीला जाऊन ते त्यांची निगा राखून यायचे.

मग माईक संचिताकडे आला. कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत ती म्हणाली, "माझी मुलगी आज हसतेय, ते उपचारांमुळे. पण ज्या मुलांना औषधच नाही, त्यांच्यासाठी शेठची तळमळ मी जवळून पाहिली. ते माझ्या दुकानात येऊन म्हणाले, केसांचं काय, ते परत येतात. म्हणून या मुलांसाठी आज ते स्वतःचे केस उतरवणार आहेत. इथे, सगळ्यांसमोर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठ हसले, मग हसायचे थांबले. पहिल्या रांगेतले मुंबईचे एक बिल्डर उठून म्हणाले, "असं असेल तर माझी देणगी दुप्पट! थेट संशोधन करणाऱ्यांच्या खात्यात!" ड्रोन खाली येऊन शेठच्या डोक्यावर घुमू लागला. आता पळायला वाट नव्हती.

नटीला बघायला आलेला काशीराम न्हावी गर्दीत सापडला. दुकान जवळच, हत्यारं लगेच आली. वस्तरा लावण्याआधी तो शेठच्या कानाशी वाकला, पण माईक चालू होता. "शेठ, कोण गेला?"

सगळा किनारा हसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेठच्या दारात कार्यक्रमाला न गेलेली माणसं जमली. मुलाने मुंडण केलं म्हणजे बाप गेला, यात कोणाला शंका घ्यायचं कारण नव्हतं. मासे विकणाऱ्या आनंदीबाईंनी फाटकापासूनच गळा काढला, "काय देवमाणूस होतो गो!" तेवढ्यात देवमाणूस चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"मी जित्तो आसंय!" म्हातारा ओरडला. "आणि ह्येका आजपासून माझो झील म्हणू नकात!"

आनंदीबाईंनी डोळे पुसले आणि आलोच आहोत तर म्हणून चहा घेतला.

प्रतिष्ठानाकडे जमलेल्या देणग्या मांडव, ड्रोन, नटी आणि कोळंबी यांच्यातच संपल्या. बिल्डरांनी मात्र शब्द पाळला. फोटो सगळीकडे गेले होते. त्यांनाही आता पळायला वाट नव्हती. शेठना त्यागाबद्दल दोन सत्कार मिळाले. दोन्ही त्यांनी टोपी घालून स्वीकारले.

पुढच्या तपासणीला संचिता आरोहीला घेऊन मुंबईला गेली, तेव्हा डॉक्टरांनी एका तरुण मुलीची ओळख करून दिली. अपेक्षा तिचं नाव. बिल्डरांच्या देणगीतून तिला वर्षभरासाठी संशोधनाला घेतलं होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात अर्धा वडापाव.

"औषध कधी मिळेल?" संचिताने विचारलं.

अपेक्षाने घास गिळला. "माहीत नाही. माझ्या वर्षात तर नक्कीच नाही. मी ज्या वाटेने शोधतेय, ती चुकीचीही निघेल कदाचित."

त्या सगळ्या प्रकरणात आशा न दाखवणारं माणूस संचिताला पहिल्यांदाच भेटत होतं. तिने पिशवीतून घरच्या काजूगरांचा पुडा काढला आणि अपेक्षाच्या हातात दिला. "खा," ती म्हणाली. "आणि दुसरी वाट शोधा."

आतून आरोहीचं नाव पुकारलं गेलं. संचिता उठली.