नळीतलं कुंकू

द्वारकाबाईंची सृष्टी आज पहिल्यांदा एकटीनं विमान उडवणार होती. ते बघायलाच तिनं आईला जळकोटहून धाराशिवजवळच्या धावपट्टीवर बोलावलं होतं. पोरीनं विमानाला फेरी मारून चाकं, पंख, सगळं हातानं चाचपून तपासलं आणि वहीत सही करायला ऑफिसात गेली. तेवढ्यात आईनं कुंकवाची डबी काढली. साधा ट्रॅक्टर कुंकवाशिवाय दारातनं हलत न्हाय, मग हे तर विमान! पण पहारेकरी सिद्धेश्वर म्हणाला, "मावशी, पांढऱ्या रंगाला डाग नका पाडू, शिकवणारे साहेब वरडतील." मग बाईंनी लई डोकं चालवलं. पंखाखाली बारीक नळी होती. तिच्या भोकात ओलं कुंकू बोटानं दाबून भरलं. साहेबाला दिसायचं न्हाय, देवीला दिसंल!

सृष्टी आली, तडक चढून बसली. इंजिन सुरू झालं. कुंपणाशी सिद्धेश्वर बाईंना कौतुकानं सांगू लागला, "आता काटे बघतीय. मग जरासं पुढं घेऊन ब्रेक बघंल. आन् ती पंखाखालची नळी हाय न्हवं? तिच्यात वारं शिरलं की वेग कळतो. ती बुजली तर वर गेल्यावर पायलट आंधळाच."

द्वारकाबाई दोन्ही हात हलवत ओरडल्या, "सृष्टे! थांब गं! उतर खाली!" इंजिनाच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. पोरीनं आईचे हात हलताना पाहिले आणि हसून आपलाही हात हलवला. विमान हातभर पुढं सरकलं.

"म्या बुजवली रं ती नळी!" बाई सिद्धेश्वरच्या अंगावर ओरडल्या. त्यानं घाईनं वॉकीटॉकी तोंडाला लावला. इंजिन बंद झालं.

साहेबांनी नळी बघितली. "साहेब, चूक माझी हाय, पोरीला काय बोलू नका," बाई हात जोडून विनवत राहिल्या.

"तुम्हाला काय माहीत, आई? तपासलेलं विमान सोडून ही गेली, आणि परत न बघता बसली. चूक हिचीच. आता महिनाभर एकटीनं उडवायचं नाही."

स्वतःची चूक मागून घ्यावी, तर तीही बाईंना कुणी देईना.

"तुमच्यामुळं वाचली पोरगी," सिद्धेश्वर हळूच म्हणाला.

सृष्टी कुंपणापाशी आली. डोळे भरलेले. "तू गप्प बसली असतीस ना आई, तर आज उडाले असते मी!"

रागात बोलून गेली पोर. पण बाईंच्या डोळ्यांपुढं ते उडालेलं विमान आलं आणि त्या मटकन खाली बसल्या.