एकवीस अर्ज

नम्रताने कपाटाचा खालचा खण ओढला आणि तो अर्ध्यावर अडकला. गुडघा टेकून, खालून जरा उचलून तिने पुन्हा ओढला, तेव्हा कुठे निळी फाइल हाताला लागली. तिच्यावर सरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'देहदान – स्वतःचे'.

"मिळाली का गं?" यमुनाबाईंनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"मिळाली, काकू."

बाहेर सतरंजीवर सर, यमुनाबाईंचे यजमान बाळ परचुरे, निजलेले होते. पहाटे साडेपाचला चहाची वाट बघता बघता ते गेले, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. एवढं वय झालं तरी माणूस बाळच राहिला, ही चेष्टा शनिवार पेठेत जुनी होती आणि सगळ्यांत जास्त ती ते स्वतःच करायचे. डॉक्टर दाखला देऊन गेले होते. नेत्रपेढीची माणसंही येऊन, आपलं काम करून गेली होती. साडेदहाला मेडिकल कॉलेजची गाडी येणार होती, आणि त्याआधी अर्ज शोधून ठेवायचा होता.

देहदान म्हटलं की या भागात परचुरे सरांचं नाव निघायचं. एकवीस वर्षं, दर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, भाड्याच्या हॉलमध्ये ते उभे राहून बोलायचे. मेल्यावर काही उरत नाही, हे एकदा मान्य केलं की माणूस मोकळा होतो, असं सांगायचे. शेवटी अर्ज कसा भरायचा हे दाखवायला स्वतःचाच एक अर्ज सगळ्यांसमोर भरायचे, पुढच्या रांगेतल्या दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या घ्यायचे आणि कागद पिशवीत टाकायचे. त्यांचं बघून तीनचारशे माणसांनी तरी अर्ज भरले असतील.

नम्रताने फाइल उघडली. एकवीस अर्ज होते. प्रत्येकावर नाव, पत्ता, रक्तगट, खाली दोन साक्षीदार. अर्जदाराच्या सहीची जागा मात्र मोकळी. तिने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, मग पलंगाच्या कडेवर बसून सगळे एकेक करून पाहिले. एका अर्जावर त्या जागेत शाईचा ठिपका होता. पेन टेकवून उचललं असावं.

तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

सर स्पॅनिश शिकवायचे. नम्रता त्यांच्या शेवटच्या बॅचची. आता ती एका कंपनीत स्पॅनिश ग्राहकांशी फोनवर बोलायची आणि रविवारी सरांचा अनुवाद टाइप करायला यायची. अनुवाद स्पेनमधल्या एका जुन्या तत्त्वज्ञाच्या पुस्तकाचा होता. कादंबऱ्या लिहायचा, कविताही लिहायचा. काहीही लिहिलं तरी गडी फिरून एकाच प्रश्नाशी यायचा, मी मेल्यावर माझं काय? बुद्धी म्हणायची, काही नाही. मन ते ऐकायला तयार नव्हतं. या दोघांचं भांडण त्याने जन्मभर चालू ठेवलं आणि एकालाही जिंकू दिलं नाही. स्वर्ग वगैरे देऊन त्याची समजूत पटत नव्हती. कशात तरी विलीन होणं तर साफ नामंजूर. त्याला राहायचं होतं ते तो म्हणून, ह्याच हाडामांसासकट.

अनुवाद अकरा वर्षं चालला होता. प्रकाशकाचा विषय काढला की सर म्हणायचे, "घाई काय आहे?" मजकूर सांगताना त्यांचा आवाज हॉलमधल्यासारखा नसायचा, खाली यायचा. एकदा तिने विचारलं होतं, "सर, तुम्हाला हे पटतं?"

"पटत नाही. टाइप कर."

आणि दोन ओळी सांगून झाल्यावर, खिडकीकडे बघत, "पटत नाही हाच तर त्रास आहे."

त्याच परिच्छेदात, 'मला राहायचंय' या ओळीसमोर, समासात त्यांनी नंतर पेन्सिलीने एक शब्द लिहिला होता. 'मलाही.' टाइप करताना तो घ्यायचा की नाही हे तिला कळलं नव्हतं. तिने तो सोडून दिला होता.

दारात चपला वाजल्या. वारज्याचे दत्तोबा आले होते, मागे त्यांचा मुलगा रणजित. जुन्या गावातलं शेतकऱ्याचं घर. शेतावर आता इमारती उभ्या होत्या. गेल्या वर्षी सरांचं भाषण ऐकून दत्तोबांनी अर्ज भरला, तेव्हा घरात तीन महिने कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. भावकीने तर विचारलं होतं, पिंडाला कावळा शिवायचा तर पिंड कुणाचा ठेवायचा.

दत्तोबांनी टोपी काढली, सरांच्या पायाशी डोकं टेकलं आणि भिंतीला टेकून बसले.

"वहिनी, सोन्यासारखा माणूस गेला."

"हो."

"ह्याला मुद्दाम आणलंय," त्यांनी रणजितकडे मान केली. "ह्यो म्हणतो, बोलणारे बोलत्यात आन् आपली वेळ आली की वैकुंठ स्मशानातच जात्यात. म्हणलं चल, डोळ्यानं बघ."

रणजितने मोबाइल खिशात ठेवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. खरोखरच बघायला आल्यासारखा.

नम्रता फाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. "काकू, जरा इकडे येता?"

यमुनाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरात आल्या. नम्रताने ओट्यावर फाइल उघडून धरली आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"एकाही अर्जावर सही नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दर दिवाळीला कपाट मीच आवरते. मी काय आंधळी आहे?"

"मग विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर सही करावी लागली असती त्यांना," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी उगाचच गॅसचं बटण तपासलं. "दुपारी डोळा लागला की दचकून उठायचे. उठून स्वतःचीच नाडी बघायचे. मी पेपरात तोंड घालून बसायचे."

नम्रताचा राग तिथेच कुठेतरी ओसरला. आता तिला नुसती भीती वाटत होती, कारण गाडी यायला पंधरा मिनिटं होती.

"काकू, त्यांना हे नको होतं. त्यांनी सही केलेली नाही, म्हणजे आपल्यावर काही बंधन नाही. आपण त्यांना वैकुंठात नेऊ शकतो. तुम्हालाही तेच बरं वाटेल ना?"

"मला बरं वाटेल ते मी सकाळी केलंय. तोंडात गंगा घातली. नाही म्हणायला हे कुठे जागे होते." यमुनाबाईंनी बाहेर पाहिलं. "आणि ते दत्तोबा? घरी गेल्यावर मुलगा त्यांना जगू देईल?"

"पण सरांचं काय?"

यमुनाबाईंनी ओट्यावरची फाइल मिटली.

"तुझ्या त्या स्पॅनिश माणसाला नक्की काय हवं होतं गं? ह्यांनी मला कधी धड सांगितलं नाही."

नम्रताने सांगितलं. हाडामांसासकट, असंही सांगितलं.

"एवढंच? एवढ्यासाठी अकरा वर्षं?" यमुनाबाई म्हणाल्या. पण त्यांनी डोळ्याला पदर लावला.

गाडी वेळेआधीच आली. सोबत कॉलेजच्या शरीररचना विभागातला धम्मदीप नावाचा तिशीतला माणूस होता. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, सरांना नमस्कार केला, मग दाखला वाचला.

"नोंदणीचं कार्ड असेल ना, आजी?"

रणजितने हाताची घडी सोडली. नम्रताने फाइल छातीशी धरली होती.

"कार्ड नाही," यमुनाबाई म्हणाल्या.

"आँ?" दत्तोबा म्हणाले.

"तरी चालतं," धम्मदीप म्हणाला. "पुष्कळांचं सापडत नाही. शेवटी नातेवाइकांची संमती लागतेच. ती तुम्ही द्यायची, द्यायची असली तर."

त्याने कागद पुढे केला. यमुनाबाईंनी तो घेतला, पण पेन घेतलं नाही.

"तुमच्याकडे किती दिवस ठेवतात?"

"दिवस नाही आजी. वर्ष, दीड वर्ष. कधी दोनसुद्धा. औषध भरून ठेवतो, मुलं शिकतात."

"तोवर माणूस तिथेच?"

"तिथेच."

"आणि नंतर?"

धम्मदीपने खोलीतल्या माणसांकडे एकदा पाहिलं. "नंतर अंत्यसंस्कार करतो आम्ही. पण हाडं चांगली असली तर कधी ठेवतात. सांगाडा करतात. आमच्याकडे एक आहेत, बेचाळीस वर्षं झाली."

"ह्यांची हाडं चांगली आहेत. मागच्या वर्षी जिन्यात पडले, काही मोडलं नाही." यमुनाबाई सरांकडे बघत होत्या. "विद्युतदाहिनीत किती वेळ लागतो?"

"तास, दीड तास."

यमुनाबाईंनी हात पुढे केला. धम्मदीपने त्यात पेन दिलं. कागद गुडघ्यावर ठेवून, सावकाश, वळणदार अक्षरात त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, मधलं नाव 'बाळ' जरा जास्तच ठळक आलं. नम्रता बघत राहिली. तिच्या हातातली फाइल हळूहळू खाली आली.

"वेडे कुठले," यमुनाबाई म्हणाल्या. "उगीच भ्यायले."

"काय म्हणालात, वहिनी?" दत्तोबांनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, गावातच असतील."

स्ट्रेचर उचलायला माणूस कमी पडत होता. दत्तोबा उठू लागले, तेव्हा रणजितने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि पायाकडची बाजू स्वतः धरली. जिना अरुंद होता. धम्मदीप पुढून वळणं सांगत होता. यमुनाबाई दारापर्यंत आल्या आणि पहिल्या वळणावर त्यांनी त्याला थांबवलं.

"अहो, भेटायला येता येतं का तिथे?"

धम्मदीप कठड्याला धरून उभा राहिला. "असं आजवर कुणी विचारलं नाही, आजी."

"मग विचारून सांगा," यमुनाबाई म्हणाल्या. "मी गुरुवारी मोकळी असते."