आईने आधीच पाहिलेले शेवट

आमच्या वाचनालयाने जानेवारीत वाचनाचं आव्हान जाहीर केलं. दर महिन्याला वेगळ्या प्रकारची एक कादंबरी वाचायची, ग्रंथपाल बाईंकडून कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि वर्षाखेर सगळे शिक्के भरले की बक्षीस म्हणून कापडी पिशवी. पिशव्या आमच्या घरी दाराच्या खिळ्याला लटकलेल्या आहेतच, त्यामुळे मी पिशवीसाठी नाव दिलं नाही. एखादी कादंबरी शेवट माहीत नसताना वाचली तर कसं वाटतं, एवढंच मला बघायचं होतं. हा अनुभव मला जन्मात आलेला नव्हता, कारण मी आईबरोबर राहतो.

आई पुस्तकाचं फक्त शेवटचं प्रकरण वाचते. घरात पुस्तक आलं की भाजीतलं मीठ बघावं तसा ती शेवट चाखते, पुस्तक मिटते आणि कामाला लागते. यामागे तिचा विचार आहे. माणसं शेवटपर्यंत टिकणार असतील तरच त्यांच्यात जीव गुंतवावा, नाहीतर उगाच मनस्ताप. टिकणारी निघाली तरी ती पुढे वाचत नाही, कारण आता काळजीचं कारण उरलेलं नसतं. इथवर माझी काही तक्रार नाही. पण चाखलेलं ती सगळ्यांना सांगते.

जानेवारीत रहस्यकथा आणली. मी पाय धुवून बाहेर येईपर्यंत आई म्हणाली, ड्रायव्हरने केलाय खून, पण बिचाऱ्याचा नाइलाज होता. फेब्रुवारीत प्रेमकथा होती. त्या दोघांचं जमत नाही हे मला वाळत घातलेल्या चादरीच्या पलीकडून कळलं. भुताच्या कादंबरीत गोष्ट सांगणाराच भूत निघाला. मार्चभर मी त्याचे विनोद वाचत होतो आणि मला हसू येत नव्हतं. ऐतिहासिक कादंबरीला मी निर्धास्त होतो, इतिहास सगळ्यांनाच माहीत असतो. पण त्यातला राजा काल्पनिक होता आणि तो हरतो, हे बाबांनी सांगितलं. त्यांना आईने सांगितलं होतं.

मे महिन्यात मी विज्ञानकथेच्या शेवटच्या प्रकरणाला चारी बाजूंनी स्टेपल मारले. आईने केसातल्या पिनेने ते काढले, शेवट वाचला आणि पुन्हा जिथल्या तिथे बसवले. मला कळलंही नसतं, पण रात्री वाढताना ती म्हणाली, पृथ्वी वाचते, कुत्रा मात्र जातो. ग्रंथपाल बाईंनी स्टेपलबद्दल मला झापलं ते वेगळंच. ताईने सल्ला दिला की मी शब्दकोश वाचावा. त्यात शेवटी काही होत नाही.

मग मी पुस्तक दुकानात ठेवायला लागलो. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. माझ्या मशिनखाली एक खण आहे, त्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही असा माझा समज होता. आमच्याकडे जवळचं वाचून बघायचा जो तक्ता आहे तो हाताळून हाताळून पुसट झाला होता, इतका की धडधाकट डोळ्यांची माणसंही नंबर घेऊन जायची. मालकांना खणात माझी कादंबरी सापडली. बारीक, ठसठशीत छपाई. त्यांनी तिचाच तक्ता केला.

म्हणजे आगीतून फुफाट्यात. दिवसभर गिऱ्हाइकं येत, नवा चष्मा लावत आणि माझ्या कादंबरीतला कुठलाही परिच्छेद मोठ्याने वाचत. नायिकेला दिवस गेल्याचं मला तिच्या लग्नाआधी पंधरा मिनिटं कळलं. तरी शेवट शाबूत होता. मग एक निवृत्त न्यायाधीश आले. त्यांनी थेट निकालाचं पान उघडलं, खणखणीत आवाजात वाचलं आणि म्हणाले, स्वच्छ दिसतंय, मृत्युपत्र खोटं होतं. मी मशीन बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो. मालक मागून येऊन विचारायला लागले की काचेचा कण डोळ्यात गेला का.

असे शिक्के भरत गेले. कार्ड सजत होतं आणि मी वर्षभर फक्त खात्री करत होतो, की हो, आई म्हणाली तसंच झालं.

डिसेंबरसाठी बाईंनी एक जाडजूड कादंबरी काढून दिली. एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत गावोगाव फिरते. पहिलं प्रकरण मी वाचनालयाच्या पायरीवरच वाचलं आणि त्या मुलीने मला जे पकडलं, ते सोडेना. तो भाऊ सापडतो का, हे मला तिच्याबरोबरच कळायला हवं होतं. आधी नाही. घरी जाऊन मी आईसमोर बसलो.

"आई, या पुस्तकाचं एक अक्षर सांगायचं नाही. वर्षभरात मला एक तरी शेवट स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे."

माझा आवाज चढला असावा, कारण बाबांनी टीव्ही बारीक केला.

"नाही सांगत," आई म्हणाली. "आम्ही काय, मेलं सांगायलाच बसलोय?"

मी हात धुवून आलो तेव्हा पुस्तक पालथं पडलेलं होतं आणि आईचा चेहरा उतरलेला होता.

त्या दिवसापासून ती पुस्तकाबद्दल चकार शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघायची, सुस्कारा सोडायची आणि ताटात आणखी भात वाढायची. एकदा तर केसांवरून हात फिरवला. असा हात तिने मागे फिरवला होता तो माझी दाढ काढली तेव्हा. यापेक्षा ड्रायव्हरने खून केला असता तर बरं, असं मला झालं. भाऊ मरणार, यात शंकाच उरली नाही. तो कुठे दिसल्याची नुसती बातमी आली तरी मी पुढची ओळ तळहाताने झाकायचो. एका प्रकरणात तो खोकला असं कुणीतरी मुलीला सांगतं, तिथे मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. दुकानात एकाच्या फ्रेमला दुसऱ्याच्या काचा बसवल्या. पुढे मी वाचत नव्हतोच, सुतक पाळत होतो.

शेवटच्या प्रकरणात भाऊ सापडला. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान चांगलं चाललं होतं. वजनही वाढलं होतं.

मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, मग तोंड पाडून का फिरत होतीस.

"सांगू नको म्हणालास ना," आई शांतपणे म्हणाली. "एवढी चांगली बातमी पोटात ठेवायची म्हणजे तोंड असंच होणार. अगदीच ओठांवर आलं की तुला भात वाढायचे."

तो सगळा भात मी दुःखाने खाल्ला होता. मग आईनेच विचारलं, की शेवटी ती मुलगी भावाला बघून म्हणते, अजून तोच शर्ट का, तर हा शर्ट कुठला? महिनाभर तिला त्या शर्टाने झोप लागू दिली नव्हती. वर्षात पहिल्यांदाच मला काहीतरी माहीत होतं जे आईला माहीत नव्हतं. मी स्टूल ओढलं, नीट बसलो आणि सुरुवात केली, की पहिल्या प्रकरणात घर सोडताना तो—

"थांब," आई म्हणाली. "सांगू नकोस. मी वाचणार आहे."

तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. ती बोट ठेवून वाचते, ओळीमागून ओळ. पुस्तक परत करून शिक्का घ्यायची मुदत परवा संपत होती आणि आई पान उलटायला तयार नव्हती. मी समोर ओठ मिटून बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"असा चेहरा करून का बसलायस? मधे कुणी जातं का?"