उरलेला ठिपका

विद्यापीठातून आलेल्या आदितीने सोप्यात नकाशा पसरला, तेव्हा स्नेहलने आधी नदी शोधली. कुरुंदवाडपासून वर, काठाकाठाने सात लाल ठिपके. सहांवर फुली.

"महापुराची ओवी पूर्वी या सातही गावांत होती," आदिती म्हणाली. "सहा गावं उठून माळावर गेली. तिथं पाणीच येत नाही, मग म्हणणार कशाला? आता फक्त तुमच्याकडे जिवंत आहे."

"आमच्याच घरात हाय की!" सासू झुंबरबाईंचा ऊर भरून आला.

स्नेहलचं बोट त्या उरलेल्या ठिपक्यावर आलं. पाणी देवळाच्या पायरीला लागलं की या घरच्या बाईनं नदीची ओटी भरायची, ओवी म्हणायची, आणि सगळं गाव बाहेर पडल्यावर शेवटच्या नावेत बसायचं, ही रीत. दोन पुरांत स्नेहलने ती पाळली. दुसऱ्यांदा तर दोन वर्षांची लेक तेजू पदराखाली, आणि नाव तासभर येईना. बीएस्सी झालेली बाई, धरणातून किती पाणी सुटलं ते फोनवर बघत नदीची समजूत काढत होती. तेव्हापासून जून लागला की ती रोज पायऱ्या मोजायची.

तिने ओवी म्हटली. आदितीने फोनमध्ये भरून घेतली.

"अत्ती, आता फोनात आली की," स्नेहल सासूला म्हणाली. "पुढच्या वेळी हीच लावू, आणि आपण आधीच निघू."

"नदी काय फोनातनं ऐकती व्हय गं?" झुंबरबाई फिस्सकन हसल्या. "उद्या जेवायला बी फोटूच वाढ!"

आदितीने फॉर्म काढला. "तुमच्यानंतर कोण म्हणणार?"

कॉटखाली बाहुलीला निजवता निजवता सहा वर्षांच्या तेजूने तीच ओवी धरली. एक शब्द चुकला नाही. तिला कोणी शिकवली नव्हती.

"ही बघा की! लिवा हिचं नाव. लगीन झालं तरी धाडत न्हाय, घरजावईच आणू."

"मी लिहिते," स्नेहल घाईने म्हणाली. फॉर्म मांडीवर ओढून तिने रकान्यात लिहिलं : कोणी नाही.

"लिवलंस नव्हं?"

"लिहिलं, अत्ती."

आदितीने वाचलं, एकवार तिच्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

पण पहिलीतल्या तेजूला दिसेल ते वाचायचं वेड. ती सरपटत आली, कागदावर बोट ठेवलं. "को… णी…"

स्नेहलने तिला कुशीत ओढून तोंडावर हात धरला. तेजूला वाटलं, खेळच. तळहाताखालून तिने पुन्हा ओवी सुरू केली, आणि झुंबरबाई मांडीवर ताल धरू लागल्या.