खालचा कॉक

नूरमोहम्मदचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि आप्पासाहेबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र कुठं हरवलं होतं असं नाही. टेबलाच्या खणात ते सगळ्यात वर होतं. चष्मा काढायला खण उघडला की आधी तेच दिसायचं. आप्पासाहेब चष्मा उचलत, पत्र जरा मागं सरकवत आणि खण लावून टाकत.

पत्र हर्सूलहून आलेलं. हर्सूल म्हणजे काही परमुलूख नव्हे. सिडकोतल्या त्यांच्या घरापासून सिटी बसनं अर्धा-पाऊण तास. तेवढ्या अंतरावरून माणूस स्वतः यायचं सोडून पोस्टानं पत्र धाडतो, यातच काय ते आलं. मजकूर थोडा होता आणि आता तो आप्पासाहेबांना पाठ झाला होता.

'आप्पासाहेब, सलाम. सामान हलवलं त्या दिवशी आपण बाहेर आला नाहीत. तब्येत बरी असेल अशी उमेद आहे. दोन वर्षं आपल्या घरी राहिलो, पण शेवटच्या सालात आपण आमच्याशी बोलणं कमी केलं. अम्मीला पहाटे नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, गरम पाणी मिळत नव्हतं, म्हणून मी एकदा तोंड उघडलं. ते आपल्याला लागलं असेल तर माफी. पाणी आम्ही जपूनच वापरलं. अम्मी रोज विचारते, नूर, आपली चूक काय झाली? तिला काय सांगू तेवढं कळवावं.'

आप्पासाहेबांची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. नूरमोहम्मद तिथली फाटकी पुस्तकं बांधून द्यायचा. त्याच्या हातची जिल्द अशी, की पुस्तक सुटं व्हायचं नाव काढत नसे. आप्पासाहेब निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन गेली, वरचा मजला रिकामा पडला, तेव्हा त्यांनी आपण होऊन नूरमोहम्मदला बोलावलं होतं. आयुष्यात आपण होऊन केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक. पहिलं वर्ष झकास गेलं. संध्याकाळी नूरमोहम्मद खाली बोलवायला यायचा, दोघं गच्चीवर बसून पुस्तकांच्या गोष्टी करायचे. त्याची आई सगीराबी आणि आप्पासाहेबांची बायको द्वारकाबाई यांचं तर असं जमलं, की एकीच्या भाजीची वाटी दुसरीच्या घरातून कधी रिकामी परत आली नाही.

मग पाण्याचं सुरू झालं.

नळ एक दिवसाआड यायचा. खालचा हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची, आणि तीच दोन दिवस दोन्ही बिऱ्हाडांनी पुरवायची. आधी पुरायची. मग दुसऱ्या दिवशी दुपारीच टाकी खडखडीत. वर पाच माणसं, खाली दोन. आप्पासाहेबांनी मनातल्या मनात हिशेब लावला आणि तो त्यांना पटला. पण वर जाऊन, 'नूरभाई, पाणी जरा जपून,' एवढं चार शब्दांचं वाक्य त्यांच्याच्यानं बोलवेना. वाक्य ते रोज तयार करत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते त्यांना उद्धट वाटू लागे, मग ते परत फिरत.

तशात हिवाळ्यात नूरमोहम्मद म्हणाला, "साहेब, सोलरचं पाणी सकाळी गारच येतंय. दिवसा चटका बसतो, पण पहाटे फजरच्या नमाजाला अम्मी उठते तर कोमटसुद्धा नाही."

"बघतो," आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या मनात आलं, रात्रीतून सगळं उपसून टाकता आणि वर सकाळी गरम मागता!

पाणी तापवायचा तो सोलर गच्चीवर वरच्या मजल्यासाठीच बसवलेला होता. नळ बसवणाऱ्यानं पुढंमागं लागला तर असावा म्हणून एक पाइप खालच्या न्हाणीपर्यंत भिंतीतून आणून ठेवला होता, पण तो खाली कधी वापरलाच नाही. द्वारकाबाईंचा तांब्याच्या बंबावर जीव. "ढलप्या टाकल्या की कसं कढत पाणी येतं. तुमचं ते उन्हाचं पाणी मला नाय पटत," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता.

आप्पासाहेबांनी बघितलं नाही. त्यांनी केलं ते वेगळंच. एका दुपारी सगळे झोपलेले असताना ते गच्चीवर गेले. सोलरच्या टाकीखाली दोन कॉक होते, एक वरच्या मजल्याचा, एक खालचा. त्यांनी वरच्या मजल्याचा कॉक अर्धा बंद केला. पाणी कमी आलं की माणसं आपोआप जपून वापरतील, बोलायची वेळ यायची नाही, असा तो विचार. पुढं वर्षभर नूरमोहम्मद समोर दिसला की ते पुस्तकात तोंड खुपसत. द्वारकाबाईंनाही त्यांनी हे सांगितलं नाही.

जानेवारीच्या शेवटी नूरमोहम्मदनं घर सोडलं.

बिऱ्हाड गेल्यावर नळ आला, टाकी भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पासाहेब सहज गच्चीवर गेले आणि टाकीचं झाकण उचलून आत बघितलं. टाकी रिकामी होती.

त्यांनी झाकण हळूच ठेवलं. ऊन वाढलंय, झाडांना घातलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण घरात दोन कुंड्या होत्या. त्यानंतर ते गच्चीवर जायचेच बंद झाले.

"अहो, वर तर आता कुणी नाय," द्वारकाबाई एकदा म्हणाल्या, "मग पाणी जातंय कुठं? माझ्या माहेरचे, पिशोरचे पाहुणे तर लपून ऱ्हायले नाहीत ना वर?"

"नळच कमी येत असेल," आप्पासाहेब म्हणाले, आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते पान त्यांचं आधीच वाचून झालं होतं.

जूनच्या सुरुवातीला गोष्ट भिंतीवरच आली. आप्पासाहेबांच्या वाचायच्या खोलीची भिंत न्हाणीला लागून होती. तिच्याशी पुस्तकांचं कपाट. खालच्या कप्प्यातलं एक पुस्तक त्यांनी काढायला घेतलं तर ते शेजारच्या पुस्तकाला चिकटून आलं. कपाट सरकवलं तेव्हा मागचा गिलावा फुगलेला, आणि हात लावला तसा त्याचा पोपडा खाली पडला. द्वारकाबाईंनी सरळ फकिराला बोलावणं धाडलं. फकिरा देवगाव रंगारीचा, पन्नाशीचा गडी. नळाचं काम करता करता बोलायचा जास्त.

त्यानं भिंतीवर तळहात ठेवला आणि तसाच राहिला.

"काकू, ही भिंत गरम हाय की वो!"

"ती लई दिवसांपासनं ऊबदार हाय," द्वारकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "थंडीत मी हितंच पाठ टेकून बसते. कंबर दुखायची ऱ्हाते. पलीकडं बंब हाय ना."

"बंब त्या कोपऱ्यात हाय, काकू. अन् तो सकाळी पेटतो. आता चार वाजल्यात." फकिरानं छिन्नी लावली. चार घाव घातल्यावर गिलाव्याच्या आत विटेला लागून पाइप दिसला, त्याचा कोपऱ्यावरचा जोड गंजून फुटलेला. त्यातून पाणी बारीक धारेनं आत उतरत होतं आणि पोकळीतून थेट सांडपाण्याच्या चेंबरमध्ये जात होतं. फकिरानं धारेखाली बोट धरलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"सोलरचं पाणी हाय. दीड साल तरी गळत आसंल. दिवसभर सूर्यानं तापवायचं अन् रातभर ह्या भिंतीनं प्यायचं. टाकी कशी पुरंल, साहेब?"

आप्पासाहेब खालच्या कप्प्यातली ओली पुस्तकं बाहेर काढू लागले.

फकिरा गच्चीवर गेला, वरून पाणी बंद करून आला आणि हात पुसत म्हणाला, "एक समजंना. वरच्या मजल्याचा कॉक अर्धा दाबलाय, अन् खालचा, जो कुणी वापरीतच नाय, तो सताड उघडा. जो दाबायचा तो सोडला, जो सोडायचा तो दाबला. हे कारागिराचं काम नाय. कुणी केलं?"

"भाडेकरूनं कशाला केलं असंल?" द्वारकाबाई म्हणाल्या. "आपलंच पाणी कोण बंद करंल?" आणि बोलता बोलता त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. आप्पासाहेब पडलेले पोपडे गोळा करत होते. पोपडे गोळा करायची काहीच गरज नव्हती.

फकिरा गेल्यावर त्या स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेल्या. आप्पासाहेब दारात जाऊन उभे राहिले.

"मीच केला बंद," ते म्हणाले. "अर्धाच."

द्वारकाबाईंनी गॅस बारीक केला.

"सगीराबी मला सांगायच्या," त्या म्हणाल्या. "'द्वारकाबाई, बोटं लई आखडतात गं सकाळी.' मी त्यांना तेल दिलं गरम करून. अन् म्हणलं, या खाली, माझ्या भिंतीला पाठ लावून बसा, लई गुणाची भिंत हाय. त्या बसल्या बी हो दोनदा. म्हणाल्या, नशीबवान हाय बाई तू." त्यांनी गॅस बंद केला. "त्यांचंच पाणी होतं ते. अन् मी त्यांना पाहुण्यासारखं बसवलं."

"तुला काय माहीत होतं?"

"मला नव्हतं. तुम्ही बोलला असता तर तवाच फकिराला बोलवलं असतं. चार शब्दांचं काम होतं, अहो."

हे वाक्य आप्पासाहेबांनी वर्षभर जिन्यात तयार केलेल्या सगळ्या वाक्यांपेक्षा साधं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खणातलं पत्र काढलं आणि उत्तर लिहायला बसले. पहिलं उत्तर तीन पानांचं झालं. त्यात सोलर कसा बसवला, पाइप कसा नेला, लोखंड ओलीला कसं गंजतं, हे सगळं नीट आलं होतं. वाचून त्यांना वाटलं, हे कुठल्यातरी चौकशीत दिलेल्या जबाबासारखं झालंय. ते फाडलं. दुसरं एका पानाचं. 'भिंतीतला पाइप फुटला होता, त्यामुळे आपल्याला त्रास झाला, दिलगीर आहे.' हे त्यांना बरं वाटलं. त्यांनी ते द्वारकाबाईंना वाचून दाखवलं.

मेथी निवडता निवडता त्यांनी ऐकून घेतलं.

"बरंय की. सगळं पाइपानंच केलं म्हणायचं."

"खोटं कुठं आहे त्यात?"

"खोटं काय नाय. पण त्या म्हाताऱ्या बाईनं विचारलंय, आमची चूक काय. पाइपाचं कुठं विचारलंय?"

आप्पासाहेब परत टेबलाशी आले. खरं म्हणजे हेच उत्तर पाठवलं असतं तरी चाललं असतं. नूरमोहम्मदला कॉकचं कधी कळलं नसतं. तो उलट म्हणाला असता, साहेब, पाइपाला कोण काय करणार. तो पुन्हा आला असता, गच्चीवर बसला असता, पुस्तकांच्या गोष्टी केल्या असत्या. आणि कॉकचं लिहिलं, तर कदाचित तो कधीच येणार नव्हता. सत्तरीच्या घरात आलेल्या माणसाला नवा मित्र मिळत नाही, हे आप्पासाहेबांना ठाऊक होतं. जुनाही त्यांना एकच होता.

दुपारपर्यंत ते बसून राहिले. मग त्यांनी साधा कोरा कागद घेतला आणि फार विचार न करता लिहिलं:

'नूरभाई, आपल्या घरच्यांची चूक काहीही झाली नाही. पाणी माझ्या भिंतीतल्या फुटक्या पाइपातून वाहून जात होतं. ते मला माहीत नव्हतं. पण आपण जास्त वापरता असं मी धरून चाललो, आपल्याला विचारलं नाही, आणि गच्चीवर जाऊन आपल्या पाण्याचा कॉक माझ्या हातानं अर्धा बंद केला. अम्मींना वर्षभर पाण्याचा त्रास झाला तो त्यामुळेही. आपण गेल्यावर टाकी तशीच रिकामी होऊ लागली, तेव्हा मला संशय आला होता, तरी मी चार महिने गप्प राहिलो. हे अम्मींना वाचून दाखवावं, काही गाळू नये. आपली परवानगी असेल तर मी आणि द्वारका त्यांना भेटायला येऊ. नसेल तर तसं कळवायचीही तसदी घेऊ नये. मी समजेन.'

ते त्यांनी पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं, एवढी स्वतःची ओळख त्यांना होती. द्वारकाबाईंनी वाचलं, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "त्यांचं उत्तर येऊ दे नायतर न येऊ दे. तुम्ही आताच जाऊन टाका. चहा आल्यावर घ्या."

पोस्टापर्यंत दहा मिनिटांची वाट. आप्पासाहेबांना वीस लागली. पेटीच्या तोंडाशी पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर असं धरून ते उभे राहिले. तेवढ्यात पोस्टमन पिशवी आणि किल्ली घेऊन पेटी उघडायला आला. आप्पासाहेबांनी दचकून बोटं सोडली आणि पाकीट आत पडलं.

त्यानं पेटी उघडली, पत्रांचा ढीग पिशवीत ओढला. सगळ्यात वर तेच पाकीट होतं. म्हाताऱ्या माणसाची नजर त्यावर खिळलेली पाहून तो म्हणाला, "काय काका, पत्ता चुकला का? परत पायजे?"

"हर्सूलला कधी पोचेल?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"उद्या. फार तर परवा."

"पत्ता बरोबर आहे," आप्पासाहेब म्हणाले. "जाऊ द्या."