वीतभर अलीकडे

मुलगा ऋषी बंगलोरला गेला तेव्हा त्याचा डिजिटल कॅमेरा घरीच राहिला. केशवरावांनी त्यावर आपली फिल्मच्या जमान्यातली जुनी लेन्स चढवली आणि नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या घरातली शांतता गेली. कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची रिंग त्यांनी बर्डीच्या बाजारातून शोधून आणली होती. एवढं करूनही ती लेन्स आपणहून फोकस करत नाही. हातानं कडं फिरवत बसावं लागतं. केशवरावांना त्यातच स्वर्ग सापडला. यमुताईंना दिसलं ते एवढंच, की नवरा घरातल्या कामाला आणखी निकामी झाला.

"माहा एक तरी धड फोटो काढून दाखवा," त्या म्हणाल्या. "नाही जमलं, तर रविवारी हे डबडं भंगारवाल्याले देऊन टाकीन."

ही पोकळ धमकी नव्हती. केशवरावांचा टेपरेकॉर्डर असाच गेला होता, आणि तोही चालू असताना.

मग रोज सकाळी मागच्या अंगणात हाच कार्यक्रम. यमुताई खुर्चीत बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या, केशवराव समोर एक डोळा मिटून कडं फिरवायचे.

"हां, लागला. हालू नको वं!"

"मी कुठी हालून राहिली?"

खटका वाजायचा, आणि फोटोत बाईंचा चेहरा दुधात बुडाल्यासारखा. मागचा अंबाडा मात्र असा ठसठशीत, की काटे मोजून घ्यावेत. पुन्हा काढला, तर खुर्चीची पाठ स्पष्ट. पुन्हा काढला, तर दोरीवरचा टॉवेल.

"मोतीबिंदू झाला असन," यमुताई शेंगांकडे बघत म्हणाल्या.

केशवराव खरंच घाबरले. लेन्स गेली तर गेली, पण डोळे? त्यांनी गुपचूप डॉक्टरची वेळ घेतली आणि जाण्याआधी सहज म्हणून माठाचा फोटो काढला. माठावरचा थेंब न् थेंब दिसत होता. डोळे ठीक, लेन्स ठीक. आता उरलं कोण? त्यांनी सगळे बिघडलेले फोटो पुन्हा पाहिले. दर वेळी स्पष्ट आलेली वस्तू यमुताईंच्या चेहऱ्यामागची होती. म्हणजे फोकस लागला की बाई हळूच पुढं सरकत होत्या!

असं आहे तर. केशवरावही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

शनिवारी त्यांनी नेहमीसारखा एक डोळा मिटला, पण फोकस धरला तो यमुताईंच्या नाकाच्या वीतभर अलीकडे, नुसत्या हवेवर.

"हां, लागला. हालू नको वं!"

बाई सरकल्या. खटका वाजला.

फोटोत पापणीचा केस न् केस मोजता आला असता. ओठ दाताखाली दाबलेला, गाल फुगलेले आणि डोळ्यांत चोरट्या पोरीची मजा. रेशनकार्डापासून साठीच्या समारंभापर्यंत यमुताई कुठल्याच फोटोत अशा दिसल्या नव्हत्या.

"सापडली!" केशवराव ओरडले. "काहून छळलं वं मले? मी डॉक्टरकडे चाललो होतो!"

यमुताई आधी हसल्या, मग चिडल्या, मग एकदम शेंगांकडे पाहत बोलल्या, "फोकस लागेपर्यंत तुम्ही माह्याकडे पाहता. धड फोटो निघाला का त्या डबड्यात मुंडकं घालता. लग्न झाल्यापासून एवढा वेळ कधी पाह्यलं होतं मले?"

केशवरावांना वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

रविवारी भंगारवाला आला. यमुताईंनी त्याच्या गळ्यात रद्दी मारली, त्याला वाटेला लावलं आणि अंगणात येऊन बसल्या.

"त्या फोटोत माह्या हनुवटीले साल चिकटलं आहे. दुसरा काढा."

केशवरावांनी कडं फिरवलं. यमुताईंचा चेहरा लख्ख दिसला. या खेपेला त्या जागच्या हलल्यासुद्धा नव्हत्या. केशवरावांनी कडं हळूच उलटं फिरवून लागलेला फोकस मोडला.

"लागून नाही राहिला वं," ते म्हणाले. "बस जराशी."